पोट मोजण्याचा इतिहास : मुळशीच्या निमित्ताने

मराठी भाषेत अंगावर मांस असणे हे चांगल्या दिवसांचे लक्षण समजले जाते. मूल बाळसे धरते, आजारातून उठलेला माणूस अंग धरतो, सोयरीक जुळवताना स्थळ खात्यापित्या घरचे आहे ना, हे पाहिले जाते. उलट खंगणे, वाळणे, नुसता सापळा राहणे हे सारे शब्दप्रयोग दुःखाचे. आपल्या साहित्यानेही साधारणपणे हीच वाटणी पाळली. भूक हा गंभीर विषय ठरला. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४), 'झोंबी' (१९८७) ही पुस्तके शिकवताना भाकरीचा विषय टाळून पुढे जाताच येत नाही. लठ्ठपणा मात्र विनोदाच्या वाट्याला गेला. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) मधील 'उपास' हे प्रकरण वजन कमी करण्याच्या संकल्पावर आणि त्यावर सबंध चाळीने दिलेल्या सल्ल्यांवर उभे आहे. आजही ते वर्गात वाचले की विद्यार्थी मनापासून हसतात. हसावेच. परंतु उपासमार आणि स्थूलता या दोन वेगळ्या जगांतल्या गोष्टी आहेत, त्यांची माणसे वेगळी आणि काळही वेगळा, हे जे गृहीत त्या हसण्यामागे असते ते तपासून पाहण्यासारखे आहे. चरकसंहितेत 'अष्टौनिंदितीय' नावाचा अध्याय आहे. त्यात अतिस्थूल आणि अतिकृश यांचा विचार शेजारी शेजारी केलेला आहे. आधुनिक शासनव्यवहाराने मात्र दोघांना वेगवेगळ्या कचेऱ्यांत पाठविले.

ही ताटातूट कशी झाली, हे पाहण्यासाठी आम्ही मुळशी तालुका निवडला आहे, त्याला कारण आहे. एकाच तालुक्यात एका टोकाला ताम्हिणीच्या बाजूची डोंगरउतारावरची वस्ती आणि दुसऱ्या टोकाला हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान केंद्र. शिवाय माणसाचे पोट किती आणि ते कशाने मोजायचे, या प्रश्नावर देशातला फार मोठा वाद ज्या पुण्यात झाला, ते पुणे इथून हाकेच्या अंतरावर आहे.

मुळशी म्हटले की साहित्याच्या विद्यार्थ्याला १९२१ चा सत्याग्रह आठवतो. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर टाटा कंपनी धरण बांधणार, त्या पाण्यावर तयार होणारी वीज मुंबईला जाणार आणि मावळ्यांची भातखाचरे बुडणार, याविरुद्ध रामनवमीच्या दिवशी, १६ एप्रिल १९२१ रोजी, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते या लढ्यात. विनायकराव भुस्कुटे यांनी तो संघटित केला. पुण्यात राहणाऱ्या सावकार-जमीनमालकांपैकी बरेच जण भरपाईवर राजी झाले आणि कसणारे मागे राहिले. १९२४ पर्यंत लढा ओसरला आणि धरण उभे राहिले. या इतिहासाविषयी राजेंद्र व्होरा यांनी सविस्तर लिहिले आहे, त्यामुळे तो येथे पुन्हा सांगत नाही.

आम्हाला रस आहे तो त्या वादात फारसा न आलेल्या एका गोष्टीत. मावळात दोन शेते असत. एक खालचे, खोऱ्यातले, पाणी धरणारे भाताचे खाचर. दुसरे वरचे, उताराचे, जिथे नाचणी आणि वरई होई. आंबेमोहर खाचरात पिके, पण पिकविणाऱ्याच्या रोजच्या ताटात तो क्वचितच असे. सारा, खंड आणि सावकाराचे व्याज भातातून भागत असे, आणि पोट भरत असे ते बहुतांशी नाचणीच्या भाकरीने, वरईने आणि पावसाळ्यातल्या रानभाज्यांनी. धरणाच्या वादात जमिनीचा भाव ठरला, घरांचा आणि झाडांचा ठरला. दोन शेतांच्या जोडीवर चालणारे ताट मात्र कोणत्याही रकान्यात बसणारे नव्हते. खालचे शेत गेले की वरचे शेत एकटे कुटुंब पोसू शकत नाही, आणि मग माणूस मजुरीला बाहेर पडतो आणि विकतचे खातो. आहाराच्या इतिहासात ही घटना धरणाच्या भिंतीइतकीच ठळक आहे, पण तिचे चित्र कुठे लागलेले नाही.

शासनाने पोट मोजायला सुरुवात केली होती ती याच्या बरीच आधी, आणि ती दुष्काळात. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामावरील मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत असा दंडक घातला. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी कॉर्निश यांनी त्याला हरकत घेतली. कैद्यालासुद्धा याहून जास्त मिळते, हा त्यांचा मुद्दा होता. मुंबई इलाख्यात मजुरी कापली जाताच हजारो लोकांनी मदतीची कामे सोडली आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. सभेचे ते काम आपण राजकीय इतिहासात वाचतो. खरे तर किती खाल्ले म्हणजे माणूस माणूस राहतो, या विषयावरचा तो आपल्याकडचा पहिला सार्वजनिक वाद म्हणता येईल. त्यात एक गोष्ट दोन्ही पक्षांनी धरून चालली होती : माप धान्याचे, आणि तेही वजनाने.

विसाव्या शतकात वजनाची जागा कॅलरीने घेतली. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत मॅककॅरिसन यांनी हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांना घालून त्यांची वाढ पाहिली. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले, मद्रासी आहारावरचे सर्वांत खुरटे आणि मराठी आहारावरचे मधल्या कुठल्यातरी पायरीवर. (आपल्या मध्यमपणाचा इतका शास्त्रीय पुरावा अन्यत्र मिळणे कठीण.) त्यांच्यानंतर आलेल्या आयक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. या संशोधकांना धान्याच्या वजनापलीकडचे दिसत होते. दूध, भाजी, डाळ, पॉलिश न केलेला तांदूळ यांचा त्यांनी आग्रह धरला. पण १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत रेशनिंग सुरू झाले तेव्हा शासनाला वाटता येण्याजोगी गोष्ट धान्य हीच होती. भाजी गोदामात राहत नाही, अंडे पोत्यात भरता येत नाही. टिकते ते वाटले जाते, आणि जे वाटले जाते त्यालाच हळूहळू अन्न हे नाव पडते.

या सगळ्याला तात्त्विक रूप आले ते पुण्यात. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा प्रबंध प्रसिद्ध झाला. माणशी दररोज २२५० कॅलरी ज्या खर्चात मिळू शकतात तो खर्च म्हणजे दारिद्र्याची रेषा, असे त्यांनी मानले. १९६०-६१ च्या किमतींनुसार तो खेड्यात महिन्याला १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये येत होता. ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेखाली आहेत, हा त्यांचा निष्कर्ष. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या परंपरेतले हे काम स्वच्छ आणि निर्भीड होते. दारिद्र्य ही भावना नसून मोजता येणारी, म्हणून उत्तर मागता येणारी गोष्ट आहे, हे त्यामुळे ठरले.

त्याला आव्हान दिले तेही पुण्यातूनच. पां. वा. सुखात्मे यांनी जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाची धुरा अनेक वर्षे वाहिली होती. निवृत्तीनंतर ते पुण्याला आले. त्यांचे म्हणणे असे की, माणसाची कॅलरीची गरज हा एक स्थिर आकडा नाही. त्याच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, आणि शरीर काही मर्यादेपर्यंत कमी अन्नाशी जुळवून घेते. तेव्हा सरासरीच्या खाली असलेल्या प्रत्येकाला उपाशी म्हणणे चूक आहे. पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांकडे लक्ष दिले तर खाल्लेले अन्न अंगी लागेल, असेही ते सांगत. १९८० च्या दशकाच्या आरंभी हा वाद अर्थशास्त्राच्या नियतकालिकांत चांगलाच रंगला. दांडेकरांच्या बाजूची धास्ती रास्त होती : शरीर जुळवून घेते असे एकदा मान्य केले की शासनाला हात झटकायला सोयीचे होते. सुखात्म्यांचा रोखही पोकळ नव्हता. दोघेही एका प्रश्नापाशी मात्र थांबले. शरीर जुळवून घेते, मान्य. पण त्याची किंमत ते केव्हा आणि कशात चुकते करते?

मधल्या काळात मावळच्या ताटात काय घडत होते? १९७२ च्या दुष्काळाची धग राज्याच्या कोरड्या भागाला लागली. मुळशीसारख्या पावसाच्या मुलखाला ती तितकी लागली नाही. पण त्या दुष्काळाने राज्याच्या अन्नविचाराला कायमचे वळण दिले. अमेरिकेतून आलेली लालसर मिलो ज्वारी आणि कामावर वाटलेली सुकडी त्या पिढीच्या तोंडी आजही आहे. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमीची योजना आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. माणसे मेली नाहीत, हे या धोरणाचे यश आहे आणि ते कमी लेखण्याचा अधिकार आज पोटभर जेवून लिहिणाऱ्या आम्हाला नाही. खाचरांतही बदल झाला. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये 'इंद्रायणी' ही भाताची जात आणली. तिच्या आईबापांत एक आंबेमोहर आणि दुसरा आयआर-८, म्हणजे हरितक्रांतीतला तो बुटका, भरघोस पिकणारा तांदूळ. घरच्या सुगंधाची परदेशी उत्पादकतेशी लागलेली ही सोयरीक चांगली निभावली. आज मुळशी-मावळात इंद्रायणी सर्रास दिसते. भात वाढला, पोहोचलेला रस्ता आणि रेशनचे दुकान यांमुळे गहू आला, साखर आली, तेल आले. उतारावरची नाचणी-वरई मागे सरली. तिला कोणी बंदी घातली नव्हती, तिच्यासाठी कुठे रकाना नव्हता, एवढेच.

सुखात्मे-दांडेकर वादात राहून गेलेल्या प्रश्नाला हात घातला गेला तो पुण्याच्या केईएम रुग्णालयात, अगदी वेगळ्या दिशेने. मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना असे रुग्ण दिसत होते जे पाठ्यपुस्तकातल्या मधुमेह्यासारखे नव्हते. ते तरुण होते आणि दिसायला सडपातळ होते. त्याच सुमारास इंग्लंडात डेव्हिड बार्कर यांनी जुन्या जन्मनोंदींवरून दाखविले होते की, जन्मतः कमी वजनाची मुले मोठेपणी हृदयविकाराने अधिक प्रमाणात दगावतात. ही दोन टोके जुळवण्यासाठी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू झाला. गर्भ राहण्याच्या आधीपासून बायकांची मोजमापे घेतली गेली. त्यांनी काय खाल्ले आणि शेतात किती राबल्या हेही नोंदले गेले. या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरले. इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधील बाळांचे साडेतीन किलो होते. आपले बाळ प्रत्येक मापात लहान होते. पोट लहान, दंड बारीक, स्नायू कमी. फक्त पाठीवरच्या त्वचेखालची चरबी तेवढी जवळजवळ टिकून होती. या शरीराला संशोधकांनी जे नाव दिले त्याचा मराठीत अर्थ 'कृश-स्थूल' असा होईल. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेले एक छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. त्यात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

चरकाच्या अध्यायातली दोन माणसे येथे एकाच देहात भेटतात. उपाशी गर्भ जुळवून घेतो हे खरे. पण जुळवून घेताना तो स्नायू सोडतो आणि चरबी राखतो, आणि पुढे तोच देह जर रिकाम्या कॅलरींच्या जगात वाढला तर चाळिशीच्या आधी साखर चढू लागते. सुखात्मे एकाच माणसाच्या दिवसादिवसांतील चढउतारांविषयी बोलत होते, हे संशोधन आयुष्यभराच्या, किंबहुना पिढ्यांच्या हिशोबाविषयी बोलते. हा भेद पुसून चालणार नाही. तरीही त्या वादाचे उत्तर कुठे शोधायचे, याची दिशा येथे मिळते. याच अभ्यासात असेही आढळले की, बाळाच्या आकाराशी आईने खाल्लेल्या एकूण कॅलरींचा संबंध फारसा दिसत नव्हता. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध ती किती वेळा खात होती, याचा दिसत होता. म्हणजे शासनाच्या रकान्यात ज्यांना जागा नव्हती नेमक्या त्याच गोष्टींचा. पुढे आणखी एक बाब निघाली. सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्या मातांचे ब-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. येथे थोडे थांबावेसे वाटते, कारण १९७० पासून गरोदर बायकांना सरकारी योजनेतून ज्या गोळ्या मिळत आल्या त्या लोहाच्या आणि फोलिक आम्लाच्या. ब-१२ त्यांत नव्हते. हा कोणावर आरोप नव्हे. त्या गोळ्यांनी पांडुरोगाशी लढा दिला. पण एका आजाराचे माप घेऊन बेतलेला कपडा दुसऱ्याला कसा तोकडा पडतो, याचे याहून बोलके उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

शासनाने स्थूलतेची दखल घेतली ती उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी. मधुमेह, कर्करोग, हृदयविकार यांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये आला. नोव्हेंबर २०१६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हद्दपार करण्याविषयी पत्र काढले. मे २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने जादा मेद, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळांच्या उपाहारगृहांत विकू नयेत असा निर्णय काढला. त्यात वेफर्स, नूडल्स, पिझ्झा आणि शीतपेये होती. २०२० च्या केंद्रीय नियमांनी ही बंदी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत नेली. ५० मीटर म्हणजे किती, हे ज्यांनी तालुक्याच्या गावातली शाळा सुटताना पाहिली आहे त्यांना सांगायला नको. औद्योगिक ट्रान्स-मेदावरची २ टक्क्यांची मर्यादा २०२२ पासून लागू झाली. आमच्या मते हा या साऱ्यांतला सर्वांत कमी बोलला गेलेला आणि कदाचित सर्वांत परिणामकारक नियम, कारण त्यात खाणाऱ्याला उपदेश नाही, बनविणाऱ्याला मर्यादा आहे.

करांची गोष्ट मात्र गमतीची आहे. मेक्सिकोने २०१४ मध्ये साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसविला, चिलीने २०१६ मध्ये पाकिटांवर काळे इशारे छापायला लावले. आपल्याकडे शीतपेयांवर ४० टक्क्यांचा भार आहे. पण सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत बिस्किटे, चॉकलेट, नमकीन, झटपट नूडल्स यांवरचा कर ५ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये लठ्ठपणाविरुद्ध तेल कमी वापरण्याचे आवाहन केले होते. एक खाते सल्ला देते, दुसरे सवलत. आणि आपण राहतो ते साखरेचे राज्य. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० मध्ये सुरू झाला तो विठ्ठलराव विखे पाटील यांच्या जिद्दीने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने. हे गाडगीळ त्याच गोखले संस्थेचे संचालक, जिथे पुढे दांडेकर आले. शेतकऱ्याला सावकारापासून सोडविणारी ती साखर होती. तिच्याकडे रोगाचे कारण म्हणून पाहणे या राज्यातल्या कोणत्याही पक्षाला अवघड जाते, आणि का जाते हे समजण्यासारखे आहे.

पुन्हा मुळशीकडे येऊ. 'मुळशी पॅटर्न' (२०१८) या चित्रपटाने जमीन विकलेल्या बापाच्या मुलाचे काय होते ते दाखविले, पण त्यात शरीराचा विषय नाही. तो असायला हरकत नव्हती. ज्या घरातल्या आजीने नाचणीवर दिवस काढले आणि चिखलणीच्या दिवसांत गरोदरपणी राबली, त्या घरातला नातू आज हिंजवडीच्या रस्त्यावर सुरक्षारक्षक किंवा चालक असतो. बारा तास बसून काम, दोन वेळा चहा, एकदा वडापाव आणि रात्री घरी रेशनच्या तांदळाचा भात. त्याला लठ्ठ म्हणावे असा तो दिसत नाही. कमी खा आणि चाला, हा सल्ला त्याला लागू पडत नाही, आणि कुपोषणाच्या योजनेतही तो बसत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्याच्या घराला माणशी महिना ५ किलो धान्य दिले. कायद्यात भरड धान्याचाही उल्लेख आहे, दुकानात मात्र गहू आणि तांदूळच मुख्य राहिले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील १८.७ टक्के स्त्रिया कृश आणि २४ टक्के अतिवजनाच्या किंवा स्थूल आढळल्या. हे दोन आकडे वेगवेगळ्या बायकांचे म्हणून वाचले जातात. ते एकाच घरातल्या सासू-सुनेचे असू शकतात.

पुण्याच्या त्या अभ्यासातली १९९३ नंतरची बाळे मोठी झाली. २०१२ मध्ये, ती पौगंडावस्थेत असताना, त्यांच्यावर नवी चाचणी सुरू झाली : गर्भ राहण्याच्या कितीतरी आधीपासून मुलामुलींना ब-१२ द्यायचे आणि पुढच्या पिढीत काय फरक पडतो ते पाहायचे. मात्रा होती दिवसाला दोन मायक्रोग्रॅम. एका अंड्यात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम ब-१२ असते, दुधातही ते मिळते. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, न खाणाऱ्यांना केळे, द्यायचा निर्णय घेतला. त्यावर बराच गदारोळ झाला. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यासाठीचा वेगळा निधी थांबविला आणि ज्या शाळांना अंडी द्यायची असतील त्यांनी ती लोकसहभागातून द्यावीत, असे कळविले.